थंडाई, उसाचा रस की डब्यातली पावडर? सांगलीत मिळणाऱ्या रिकव्हरी ड्रिंक्सचा हिशेब

तालमीतून निघालेल्या पोराच्या हातात थंडाईचा तांब्या, विश्रामबागेतल्या जिममधून उतरणाऱ्याच्या हातात शेकर, आमराई उद्यानात फेऱ्या मारून आलेल्याच्या हातात चॉकलेट दुधाची बाटली. उन्हाळा लागला की तिघांचीही पावलं रसवंतीकडे वळतात. प्रत्येक जण म्हणतो, रिकव्हरीसाठी, म्हणजे व्यायामानंतर अंग सावरायला पितोय. यातलं कुठलं पेय खरंच कामाचं, हे बघायला इथे सगळ्यांना एकच माप लावलंय. माप ७० किलोच्या, धडधाकट माणसाचं आहे. तुमचं वजन वेगळं असेल तर आकडे त्या प्रमाणात फिरवा. शुगर किंवा किडनीचा त्रास असेल तर हे आकडे तुमच्यासाठी नाहीत, आधी डॉक्टरांना विचारा.

प्रोटीन एका वेळी किलोमागे ०.२५ ते ०.३ ग्रॅम, म्हणजे ७० किलोला २० ग्रॅमच्या आसपास. कार्ब (कर्बोदकं) किती, हे पुढचा व्यायाम कधी आहे त्यावर ठरतं. आठ तासांच्या आत पुन्हा घाम गाळायचा असेल, तर पहिले तीन-चार तास दर तासाला किलोमागे १ ते १.२ ग्रॅम, म्हणजे तासाला ७० ते ८४ ग्रॅम कार्ब लागतात. पुढचा व्यायाम उद्या सकाळी असेल तर कसलीच घाई नाही. दुपारची भाकरी आणि रात्रीचा भात स्नायूंतलं ग्लायकोजेन (साठवलेली साखर) निवांत भरून काढतात. पाऊण तास डंबेल्स मारणाऱ्याचं ग्लायकोजेन तसंही पुरतं संपत नाही. सकाळी जोर-बैठका, मग हौद्यात (आखाड्याच्या मातीत) तासभर लढत आणि दुपार कलली की पुन्हा तेच, अशा पैलवानाचं संपतं.

आणखी एक गोष्ट. कार्ब पोटभर घेतले असतील, तर त्यात प्रोटीन मिसळल्याने ग्लायकोजेन आणखी जोरात भरत नाही. कार्ब तासाला किलोमागे ०.८ ग्रॅमच्या खाली राहिले, तरच प्रोटीनची जोड तिथे उपयोगी पडते. एरवी प्रोटीन घ्यायचं ते स्नायूंच्या दुरुस्तीसाठी. कामं दोन, मापं दोन. दोन्ही एका गुणोत्तरात कोंबली की घोळ होतो.

हा घोळ सगळ्यात जास्त दिसतो तो "४:१" असं ठळक छापलेल्या तयार रिकव्हरी पावडरीत. समजा ५० ग्रॅमच्या पाकिटात ३२ ग्रॅम कार्ब आणि ८ ग्रॅम प्रोटीन आहे. गुणोत्तर बरोब्बर ४:१. पण प्रोटीन ८ ग्रॅम, म्हणजे गरजेच्या निम्मंही नाही. २० ग्रॅम गाठायचं तर अडीच पाकिटं फोडावी लागतील आणि त्याबरोबर ८० ग्रॅम कार्ब पोटात जातील. दोन वेळा मेहनत करणाऱ्याला ते चालतील. जिम करून बाइकवरून घरी जाऊन पोहे खायला बसणाऱ्याला ती ८० ग्रॅम साखर कशाला हवी? पाकिटाची पुढची बाजू सोडा, मागच्या तक्त्यात 'प्रति सर्व्हिंग' ग्रॅम वाचा, आणि सर्व्हिंग किती ग्रॅमची धरलीय तेही बघा.

आता थंडाई. ही नीट बघण्यासारखी आहे, कारण कागदावर तिचा हिशेब फार देखणा येतो. एका पैलवानाचा मध्यम खुराक धरू. ५० बदाम (साधारण ६० ग्रॅम) रात्री भिजवून सकाळी सोललेले, १० ग्रॅम खसखस, चमचाभर बडीशेप, चार मिरे, दोन वेलदोडे, ३०० मिली म्हशीचं दूध आणि ४० ग्रॅम खडीसाखर. बेरीज येते साधारण २५ ग्रॅम प्रोटीन आणि ६० ग्रॅम कार्ब. गुणोत्तर अडीचास एक, प्रोटीन मापात, कार्बही ठीक. मग अडतं कुठे? फॅटमध्ये. बदामातून ३०, दुधातून २० च्या आसपास आणि खसखशीतून थोडी, अशी ५० ग्रॅमच्या वर फॅट एका तांब्यात बसते. एकूण ८०० कॅलरीच्या पुढे मजल जाते. एवढी फॅट पोटात असली की पेय जठरातून खाली सरकायला वेळ लावतं. भूक मरते आणि अंग जड होतं.

तरी थंडाईला नावं ठेवण्याचं कारण नाही. पहाटेची मेहनत उरकून सकाळी आठला थंडाई घेतली आणि संध्याकाळी पाचला पुन्हा मातीत उतरायचं असेल, तर मधल्या नऊ तासांत ती व्यवस्थित पचते. वजन वाढवायचं असेल तर तिच्या तोडीचा खुराक दुसरा नाही. ती चुकते दोन ठिकाणी. एक, कुस्त्यांच्या दिवशी. सकाळी वजन दिलंय, दोन तासांनी पहिली कुस्ती आहे, अंगातलं पाणी तुटलेलं आहे. अशा वेळी वस्तादाने प्रेमाने दिलेली थंडाईसुद्धा बाजूला ठेवावी आणि पाणी, मीठ, साखर, केळं यांवर भागवावं. दुसरी चूक जिमवाल्यांची. आठवड्याला तीन दिवस पाऊण-पाऊण तास व्यायाम आणि रोज पैलवानी थंडाई, हे गणित पोटावर दिसायला फार दिवस लागत नाहीत.

घोटण्याबद्दलही सांगायला हवं. कुंडीत (खलात) थोडं थोडं पाणी घालत, बोटांना रवा लागेनासा होईपर्यंत घोटलेली थंडाई गाळावी लागत नाही. मिक्सरमध्ये भरड ठेवून फडक्यातून गाळली तर चोथ्याबरोबर बदामाचं बरंचसं प्रोटीन बाहेर जातं आणि पाहुणचाराचं गोड दूध तेवढं उरतं. मिक्सर सलग फिरवला तर भांडं तापतं, बदाम तेल सोडतो आणि वर तवंग येतो. थंड पाणी घालून, थांबून थांबून फिरवा.

रसवंतीचा ग्लास हा कार्बचा झक्कास आणि प्रोटीनचा शून्य मामला आहे. पक्क्या उसाच्या २५० मिली बिनबर्फाच्या रसात ३५ ते ४५ ग्रॅम साखर असते. ती मुख्यतः सुक्रोज, म्हणजे अर्धं ग्लुकोज, अर्धं फ्रुक्टोज. त्यामुळे स्नायूंबरोबर यकृताचा साठाही भरतो. पोटॅशियम मिळतं, सोडियम मात्र नावापुरतं. घामातून जातं ते मुख्यतः सोडियम. म्हणून रसात चिमूटभर मीठ टाकून मागायची आपल्याकडची सवय अगदी शास्त्रशुद्ध आहे. १ ग्रॅम मिठातून साधारण ४०० मिलिग्रॅम सोडियम मिळतं. ग्लासातला एक तृतीयांश भाग बर्फाने अडवला असेल तर साखरही तेवढीच कमी धरा. मुळात बर्फ टाळलेलाच बरा, कारण तो कुठल्या पाण्याचा आहे हे चरकावाल्यालाही माहीत असेलच असं नाही. ऊस धुतलेला आहे का आणि चरकाखालचं भांडं झाकलेलं आहे का, एवढं बघून मगच ऑर्डर द्या. रस बाटलीत भरून घरी नेऊ नका. तो अर्ध्या तासात काळवंडतो आणि उन्हात लवकर आंबतो.

या रसाला प्रोटीनची जोड दिली की दोन वेळा मेहनत करणाऱ्यासाठी सांगलीतलं सगळ्यात चांगलं पेय तयार होतं. २५० मिली रस, १ ग्रॅम मीठ आणि २४ ग्रॅम प्रोटीन देणारा व्हेचा (दुधाच्या निवळीतून काढलेल्या प्रोटीन पावडरचा) एक स्कूप. सुमारे ४० ग्रॅम कार्ब आणि २४ ग्रॅम प्रोटीन झालं. उरलेले ३० ग्रॅम कार्ब एका मोठ्या केळ्यातून तासाभरात घ्या. लिंबू पिळलेल्या रसात व्हे चालतं, आंबटपणात ते फाटत नाही. दुधाची पावडर मात्र लगेच फाटते आणि ग्लासात चोथा-पाणी वेगळं होतं. दूध पावडर वापरायची तर चरकात लिंबू टाकू नका म्हणून आधीच सांगा.

व्हे प्रोटीन हे एकट्याने रिकव्हरी ड्रिंक ठरत नाही, ते फक्त प्रोटीन आहे. उद्या सकाळपर्यंत सुट्टी असलेल्या जिमवाल्याला तेवढं पुरतं, आणि वेळेवर जेवणात अंडी, दूध, डाळ येत असेल तर तेही लागत नाही. डबा घेताना किंमत किलोवर तोलू नका, प्रोटीनच्या ग्रॅमवर तोला. ३३ ग्रॅमच्या स्कूपमध्ये २४ ग्रॅम प्रोटीन असेल तर एक किलोत सुमारे ७२७ ग्रॅम भरतं. किमतीला ७२७ ने भागा, खरा भाव तो. स्वस्त डब्यांत ग्लायसिन, टॉरिन अशी अमिनो आम्लं वेगळी मिसळलेली आढळली तर सावध व्हा. साध्या तपासणीत प्रोटीन नायट्रोजनवरून मोजतात, त्यामुळे ही भर प्रोटीन म्हणून मोजली जाते आणि स्नायूला उपयोग नाही. घटकांच्या यादीत ही नावं दिसली की डबा परत ठेवा. आयोडीनचा थेंब टाकून बघायचा घरगुती प्रयोग अर्धाच खरा आहे. निळा रंग आला तर स्टार्चची भेसळ नक्की, पण नाही आला म्हणून पावडर शुद्ध ठरत नाही. एफएसएसएआयचा (केंद्राच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाचा) १४ अंकी परवाना क्रमांक आणि बॅच नंबर डब्यावर असायलाच हवा.

गेनरबद्दल, म्हणजे वजन वाढवायच्या पावडरीबद्दल थोडक्यात. १०० ग्रॅममध्ये ७५ कार्ब आणि १५ प्रोटीन, आणि कार्ब बहुतेक माल्टोडेक्स्ट्रिनचे (स्टार्चपासून केलेल्या, लवकर पचणाऱ्या पुडीचे). काम करतो, पण पैसे पिठाचे नाहीत तर डब्याचे पडतात. केळी, गूळ आणि दूध पावडर हेच काम कमी खर्चात करतात.

चॉकलेट दुधाची २०० मिलीची बाटली साधारण २५ ग्रॅम साखर आणि ६-७ ग्रॅम प्रोटीन देते. गंमत म्हणजे हीसुद्धा चारास एकच्या जवळ जाते, छापील पाकिटाचा बडेजाव न करता. लांब पळून आलेल्याने थंडगार दोन बाटल्या घेतल्या तर १३ ग्रॅम प्रोटीन होतं. घरी जाऊन दोन अंडी खाल्ली की काम झालं. साताऱ्याला यवतेश्वरचा घाट चढून-उतरून २१ किलोमीटर पळणाऱ्यांनी मात्र बाटलीच्या आधी मीठ-पाणी घ्यावं.

आता घरी करायचं मिश्रण. यात इथला बेदाणा कामाला येतो. ३० ग्रॅम बेदाण्यात सुमारे २४ ग्रॅम कार्ब असतात. द्राक्षं वाळवण्याआधी डिपिंग ऑइल आणि पोटॅशियम कार्बोनेटच्या पाण्यात बुडवतात, पिवळ्या मालाला गंधकाची धुरी देतात. म्हणून बेदाणे दोनदा चोळून धुवा आणि ते पाणी फेकून द्या. मग १५० मिली स्वच्छ पाण्यात रात्रभर भिजवा. सकाळी भिजवलेल्या पाण्यासकट मिक्सरमध्ये वाटा. वेगळ्या भांड्यात २५० मिली कोमट पाणी घ्या, त्यात ४० ग्रॅम स्किम्ड दूध पावडर आणि २० ग्रॅम फुटाण्याचं पीठ थोडं थोडं सोडत ढवळा, मग दोन्ही एकत्र करा. १ ग्रॅम मीठ घाला, हवी तर सुंठ. एकूण १९ ग्रॅमच्या आसपास प्रोटीन, ५५ ग्रॅमच्या पुढे कार्ब, फॅट दोन ग्रॅमही नाही.

बिघडतं कुठे, तेही सांगतो. पावडर आधी आणि पाणी नंतर घातलं की तळाला गोळे बसतात आणि ते काही केल्या मोडत नाहीत. व्हे उकळत्या दुधात टाकलं तर गोठून रवाळ होतं. फुटाण्याऐवजी कच्चं बेसन घेतलं तर तासाभरात पोट गुरगुरायला लागतं. दूध पावडर ४० ग्रॅम म्हणजे लॅक्टोज (दुधातली साखर) २० ग्रॅम. दुधाने पोट फुगणाऱ्यांनी तिच्या जागी व्हे आयसोलेट (लॅक्टोज जवळपास काढलेलं व्हे) घ्यावं आणि बेदाणे वाढवून ५० ग्रॅम करावेत. चिमूटभर हळद चवीला हरकत नाही, सांगलीची असेल तर उत्तमच, पण तेवढ्या हळदीने स्नायूंचं दुखणं थांबेल ही अपेक्षा ठेवू नका.

पाणी किती, हे वजनकाटा सांगतो. व्यायामाआधी आणि नंतर कोरड्या अंगाने, लंगोट किंवा चड्डीवर वजन करा. घटलेल्या प्रत्येक किलोमागे पुढच्या काही तासांत सव्वा ते दीड लिटर प्या, त्यात मीठ असू द्या. नुसतं पाणी ढोसलं तर त्यातलं बरंचसं लघवीवाटे निघून जातं.

सांगलीच्या एप्रिलमध्ये कालवलेलं पेय गाडीच्या डिकीत ठेवू नये. कोरडी पावडर डबीत, पाणी वेगळ्या बाटलीत न्या आणि प्यायच्या वेळी मिसळा. शेकर तिथल्या तिथे विसळा. झाकणाच्या आटीत अडकलेलं दूध दुसऱ्या दिवशी जो वास मारतं, तो निघायला खायचा सोडा घातलेलं गरम पाणी तासभर ठेवावं लागतं.