भजन मंडळ, झाडीपट्टी की धुमाल : वाजवणारे पोट्टे शोधायचे कुठं?

गावात राहून बँड काढू म्हणणाऱ्यांनी गिटार-ड्रमवाले शोधत बसू नये, तालुक्यात एखादा सापडला तरी तो बारावी झाली की पुण्याला जाते. वाजवणारे पोट्टे भरपूर आहेत, पण ते बसतात भजन मंडळात, झाडीपट्टीच्या (पूर्व विदर्भातल्या) नाटकात नाहीतर वरातीपुढं वाजवणाऱ्या धुमाल पार्टीत. यातलं कुठं शिरायचं हे तुम्ही काय वाजवता आणि शेतीतून केव्हा मोकळे होता त्यावर आहे.

खंजिरी भजन अमरावती-वर्धा-यवतमाळकडे गावोगाव आहे, तुकडोजी महाराजांचा गुरुकुंज मोझरीचा आश्रम जवळ आणि महाराज स्वतः खंजिरीवर गायचे, मग काय. पैसा शून्य, कधी गाडीभाडं पण आपलंच. पण ताल पक्का व्हायला याच्यासारखी जागा नाही. पेटीवाले काका काळी चारच्या उंच पट्टीत सुरू झाले की तुम्हाला तिथंच गावं लागते, पट्टी उतरवा म्हणायची सोय नाही. पावसाळ्यात खंजिरीचं कातडं सैल पडते, मग ते विस्तवाजवळ धरून शेकायचं, बोटानं टिचकी मारून पाहायची, टणक वाजलं की बसायचं. मात्र नवीन चाल काढू म्हटलं की जुनी मंडळी नाक मुरडतात.

कीबोर्डवाल्यानं सरळ झाडीपट्टीत जावं, म्हणजे गडचिरोली, चंद्रपूर, भंडारा, गोंदियाकडे राहत असाल तर. दिवाळीनंतरच्या मंडईपासून (गावची जत्रा) होळीपर्यंत सीझन, नाटक कंपन्या गडचिरोलीतल्या वडशात बसतात, बुकिंग तिथूनच. रात्री सुरू झालेलं नाटक पहाटे उरकते आणि गाणी लाइव्ह, त्यात एखादा नट टाळ्या पडल्या की संवाद वाढवत जाते आणि मधेच गाण्यात शिरते, ऑर्गन-कीबोर्डवाल्यानं त्याच्या तोंडाकडे पाहत सूर धरून ठेवायचा. झाडीपट्टीचे नट परशुराम खुणेंना २०२३ मध्ये याच रंगभूमीसाठी पद्मश्री मिळाली, तेव्हा टाइमपास समजून जाऊ नका. धानवाल्याला कापणी-मळणी झाली की जमते, कापूसवाल्याची मात्र वेचणी नेमकी त्याच दिवसात, त्याच्यासाठी हे अवघडच.

धुमालमध्ये रोख पैसा. कॅसिओ, ऑक्टोपॅड, ढोल, वर भोंगे. लग्नसराई, गणपती-देवीचं विसर्जन, १४ एप्रिल, ऑर्डरवर ऑर्डर. पोट्टे नवं गाणं मोबाईलवर ऐकून झटक्यात बसवतात, हे मानलंच पाहिजे. पण कानाची वाट लागते, मे महिन्याच्या उन्हात वरातीपुढं चालावं लागते आणि हळू वाजवणं विसरायला होते, गायकाला तर तिथं कामच नाही.

मला विचाराल तर गाणाऱ्यानं आणि ढोलकवाल्यानं आधी वर्षभर भजनात बसावं, पॅडवाला धुमालमधून उचलावा. फक्त सीझनमध्ये कोणाला फोडू नका, मालकाशी भांडण होते आणि गावात राहायचं आहे आपल्याला. होळी झाली की नाटकवाले रिकामे असतात, पॅडवाल्याला पावसाळ्यात गणपतीच्या आधी गाठा, लग्नं नसली की तो घरीच सापडते.