मोठ्या टाइपातील संदर्भयुक्त पवित्र शास्त्र

जालन्यातील एका छोट्या पुस्तक दुकानातून आईसाठी हे मराठी पवित्र शास्त्र (बायबल) घेतले, त्याला आता सहा महिने झाले. समासातील संदर्भ, म्हणजे एका वचनाशी जोडलेली इतर वचने दाखवणाऱ्या नोंदी, ही या आवृत्तीची खरी जमेची बाजू आहे. लूकच्या शुभवर्तमानाच्या 24 व्या अध्यायात अम्माऊस गावाच्या वाटेवर पुनरुत्थित येशू दोन शिष्यांना मोशे व संदेष्टे यांच्या लेखांतून स्वतःविषयीच्या गोष्टी उलगडून सांगतो. तेथील संदर्भ वाचकाला थेट जुन्या करारातील (बायबलच्या येशूपूर्वीच्या भागातील) यशया संदेष्ट्याच्या पुस्तकाच्या 53 व्या अध्यायापर्यंत नेतो, आणि येशूची ओळख जुन्या करारातूनही कशी होत जाते हे कोणत्याही भाष्याविना ध्यानात येते. इफिसकरांस पत्राच्या दुसऱ्या अध्यायात तारण कर्मांनी नव्हे, तर कृपेने विश्वासाच्या द्वारे होते, असे येशूचा प्रेषित पौल लिहितो. (पावसाच्या भरवशावर शेती करणाऱ्या आमच्या आईला न कमावता मिळणाऱ्या दानाचा अर्थ वेगळा सांगावा लागला नाही.) मात्र ‘नीतिमान ठरवणे’, ‘प्रायश्चित्त’ अशा शब्दांसाठी शब्दार्थसूची नाही, ही मोठी उणीव आहे. बांधणीही कच्ची असून स्तोत्रसंहितेजवळची पाने सुटू लागली आहेत. दुकानदाराने प्रत बदलून दिली नाही. अक्षर मात्र इतके सुस्पष्ट आहे की आई संध्याकाळीही चष्म्याविना वाचते.