निवृत्तीनंतर परदेशात शिकवायचे असल्यास चीन की थायलंड?

महाराष्ट्रातील अनुदानित शाळांचे शिक्षक ५८व्या वर्षी निवृत्त होतात आणि प्रकृती ठणठणीत असल्यास त्यांपैकी काही जणांच्या मनात परदेशी शाळेचा विचार येतो. अशांनी पगाराच्या आकड्याआधी वर्क परमिटच्या अटी पाहाव्यात.

चीनने २०१७पासून देशभर एकच परमिटपद्धत लागू केली असून परदेशी मनुष्यबळाची अ, ब आणि क अशी वर्गवारी केली आहे. बहुतेक शिक्षक ‘ब’ वर्गात मोडतात आणि या वर्गासाठी सर्वसाधारणपणे पदवी, दोन वर्षांचा अनुभव व साठीच्या आतले वय लागते. परमिटसाठी अर्जदाराला जे गुण दिले जातात, त्यांतही वयाचा हिशेब उघडपणे मांडलेला आहे: २६ ते ४५ वयाला १५ गुण, ४६ ते ५५ला १०, ५६ ते ६०ला ५ आणि त्यापुढे शून्य. ‘अ’ वर्गाला वयोमर्यादा नाही, पण त्यासाठी ८५ गुण किंवा फार मोठा पगार यांसारख्या अटी असल्याने सामान्य शिक्षकाला तो आवाक्याबाहेरचा आहे. शिवाय भाषाशिक्षकाने आपली मातृभाषाच शिकवावी, असा तेथील दंडक असल्यामुळे आपल्याकडच्या इंग्रजीच्या शिक्षकाला वाव कमी मिळतो. गणित-विज्ञानवाल्यांना आंतरराष्ट्रीय शाळांत तो अधिक आहे.

थायलंडच्या वर्क परमिटला वयाची कमाल मर्यादा नाही. अर्जासोबतच्या वैद्यकीय दाखल्यात कुष्ठरोग, क्षय, हत्तीरोग, व्यसने वगैरे नसल्याचे डॉक्टर लिहून देतात. सरकारी शाळा मात्र साठीनंतर सहसा घेत नाहीत, त्यामुळे भिस्त खासगी शाळांवर राहते. तेथील शिक्षक परिषदेचा परवाना नसेल, तर शाळेमार्फत तात्पुरती परवानगी काढावी लागते. परमिट त्या शाळेशी बांधलेले असल्याने नोकरी सुटली की तेथे राहण्याचा आधारही जातो, ही मला या देशाची सर्वांत मोठी अडचण वाटते.

पन्नाशी ओलांडलेल्यांना थायलंडमध्ये निवृत्तांसाठीची मुक्काम-परवानगीही मिळते. त्यासाठी बँकेत ८,००,००० बात (थायलंडचे चलन) किंवा दरमहा ६५,००० बात उत्पन्न दाखवावे लागते. ती काढून शिकवण्या घ्याव्यात, असा सल्ला कोणी दिल्यास तो मुळीच ऐकू नये, कारण त्या परवानगीवर कोणतेही काम करणे बेकायदा आहे.

ज्यांना निवृत्तीनंतर पाच-सात वर्षे शिकवायचे आहे, त्यांनी थायलंडचाच विचार करावा, असे माझे स्पष्ट मत आहे. चीनचा पर्याय पन्नाशीच्या सुरुवातीला नोकरी सोडू शकणाऱ्यांसाठी खुला आहे. ५८व्या वर्षी निघणाऱ्याच्या हाती जेमतेम दोन वर्षे उरतात आणि त्यांतले काही महिने कागदपत्रांतच जातात. पदवीचे साक्षांकन व पोलिसांचा दाखला यांना वेळ लागतो, आणि शिक्षिकांच्या बाबतीत पदवीवर माहेरचे व पासपोर्टवर सासरचे नाव असल्यास नावबदलाचा पुरावाही जोडावा लागतो. म्हणून ही कामे निवृत्तीच्या किमान वर्षभर आधी, शाळेच्या कार्यालयातून अनुभवाचे दाखले सहज मिळत असतानाच सुरू करावीत.