सहा वर्षे बंद असलेले आउटबोर्ड इंजिन आणि मालवणमधील एका कार्यशाळेचे काम

वडिलांनी मासेमारी थांबवल्यापासून आमचे यामाहा एन्ड्युरो 15 अश्वशक्तीचे आउटबोर्ड, म्हणजे होडीच्या मागे बाहेरून बसवायचे, इंजिन देवबागच्या घराच्या पडवीत लाकडी घोडीवर टांगलेले होते. दोन सिलिंडरचे, 246 सीसीचे हे टू-स्ट्रोक इंजिन सहा पावसाळे कोणी हात न लावता तसेच राहिले. टाकी रिकामी केली होती, पण कार्बोरेटरमधील, म्हणजे पेट्रोल आणि हवा मिसळणाऱ्या भागातील, पेट्रोल काढायचे राहून गेले होते. ते पुन्हा सुरू करून देणाऱ्या मालवणच्या धक्क्याजवळील एका छोट्या कार्यशाळेच्या कामाविषयी हे लिहीत आहे.

त्याआधी झालेली चूक सांगणे आवश्यक आहे. गावाजवळच्या, मुख्यतः दुचाकी दुरुस्त करणाऱ्या एका गॅरेजमध्ये स्पार्क प्लगच्या छिद्रातून थोडे पेट्रोल ओतून दोरी ओढण्यात आली आणि पाण्याच्या पिंपात न ठेवताच इंजिन काही क्षण चालवले गेले. आउटबोर्डला थंड ठेवणारे पाणी इम्पेलर नावाचा रबरी पंखा खालून खेचतो. पाणी नसेल तर ते रबर कोरडे घासून थोड्या वेळात निकामी होते, हे आम्हालाही तेव्हा ठाऊक नव्हते.

मालवणच्या मेस्त्रींनी पहिल्या दिवशी दोरीला हातच लावला नाही, आणि माझा विश्वास बसला तो तिथेच. त्यांनी दोन्ही प्लग काढून सिलिंडरमध्ये पातळ तेल सोडले, रात्रभर मुरू दिले आणि दुसऱ्या दिवशी फ्लायव्हील हाताने हळूहळू फिरवून पिस्टन मोकळे आहेत याची खात्री केली. कॉम्प्रेशन, म्हणजे सिलिंडरमध्ये तयार होणारा दाब, मोजले तेव्हा दोन्ही सिलिंडरमधला फरक 10 टक्क्यांच्या आत निघाला, तेव्हाच त्यांनी पुढच्या खर्चाचा विषय काढला. इंजिनाचे अंग शाबूत नसेल तर सुटे भाग घेण्यात अर्थ नाही, असे त्यांचे स्पष्ट म्हणणे होते.

कार्बोरेटर उघडल्यावर तळाशी वार्निशसारखा चिकट, पिवळसर थर दिसला आणि इंधन मोजून सोडणाऱ्या जेटचे बारीक छिद्र पूर्ण बुजलेले होते. तार घालून ते मोठे करण्याचा मोह अनेकांना होतो, परंतु छिद्र किंचित रुंदावले तरी इंधनाचे प्रमाण बिघडते, म्हणून त्यांनी ते द्रावणात भिजवून हवेच्या दाबाने साफ केले. गॅस्केट, सुई आणि हाताने दाबून इंधन इंजिनाकडे ढकलायचा, कडक झालेला रबरी फुगा मात्र नवीन बसवला. इथेनॉल मिसळलेले पेट्रोल हवेतील ओलावा शोषून घेते, त्यामुळे ते साठवून ठेवणे अधिक घातक, हेही त्यांनी समजावून सांगितले.

खालचा भाग उतरवल्यावर इम्पेलरचे एक पाते तुटलेले आढळले. नवीन इम्पेलर बसवण्याआधी तुटलेला तुकडा शोधण्यासाठी त्यांनी तासभर खर्च केला आणि तो पाणी वर नेणाऱ्या नळीच्या तोंडाशी सापडला. तिथेच राहिला असता तर नवीन इम्पेलर असूनही इंजिन तापले असते. गिअर ऑइल दुधासारखे पांढरे झाले होते, म्हणजे त्यात पाणी शिरले होते. होडी ढकलणाऱ्या पंख्याच्या (प्रोपेलरच्या) दांड्याभोवती गुंडाळलेल्या जुन्या तंगुसाने, म्हणजे मासेमारीच्या नायलॉन दोऱ्याने, पाणी अडवणारे सील कापले होते.

शेवटी 10 लिटर पेट्रोलला 200 मिलिलिटर टू-स्ट्रोक तेल, म्हणजे 50 ला 1 या प्रमाणात मिश्रण करून पिंपातल्या गोड्या पाण्यात इंजिन सुरू केले. चौथ्या ओढीला ते धरले. मेस्त्रींचे लक्ष आवाजाकडे नव्हते, इंजिन थंड करून मागच्या छिद्रातून बाहेर येणाऱ्या पाण्याच्या धारेकडे होते: “पाणी येता काय ता बघा, नाय तर लगेच बंद करा.”

उणिवाही नोंदवायला हव्यात. चार दिवसांचे काम सील वेळेवर न आल्यामुळे अकरा दिवसांवर गेले आणि विलंबाची खबर आम्हालाच फोन करून घ्यावी लागली. बिलात सुट्या भागांच्या किमती वेगळ्या लिहिलेल्या नव्हत्या. मागितल्यावर त्यांनी तोंडी सांगितल्या. जुने भाग मात्र न मागता पिशवीत बांधून परत दिले, आणि माझ्या दृष्टीने त्याला मोल आहे.

त्यानंतर कर्ली नदीत आणि संगमापर्यंत होडी अनेकदा नेली. सुरुवातीचा दाट धूर दोन फेऱ्यांनंतर कमी झाला, कमी वेगावरही इंजिन बंद पडत नाही आणि धार पहिल्या दिवसाइतकीच जोरदार आहे. आता परतल्यावर इंजिन गोड्या पाण्यात चालवतो, इंधनाची नळी काढून कार्बोरेटर रिकामा होईपर्यंत ते तसेच चालू देतो आणि जूनमध्ये होडी वर ओढल्यावर गिअर ऑइल बदलण्यासाठी त्याच मेस्त्रींकडे जाणार आहे.