वरचा लॅपटॉप सवलतीत मिळतोय: जादा पैसे कशासाठी मोजायचे?

भाचीने दोन लॅपटॉपची माहिती पाठवली आणि खाली एवढंच लिहिलं: "मावशी, वरच्या मॉडेलवर सवलत लागलीय. फरक आता पंचवीस टक्क्यांचाच उरलाय. घेऊन टाकू का?"

एकाच कंपनीचे, एकाच आकाराचे दोन लॅपटॉप: 'वरचा' म्हणजे महागडा, 'खालचा' म्हणजे स्वस्त. तिचं काम ठरलेलं आहे: संख्याशास्त्राचा अभ्यास, पायथॉन, दिवसभर उघडा ब्राउझर आणि अधूनमधून व्हिडिओवरचे वर्ग. असा प्रश्न अनेकांना पडतो आणि बहुतेक जण त्याचं उत्तर सवलतीच्या आकड्यावरून ठरवतात. म्हणून तिच्यासाठी केलेली तुलना इथे सविस्तर मांडते. खालच्याची आजची किंमत १०० धरली आहे, म्हणजे हिशेब कोणत्याही चलनात करता येईल.

| | खालचा | वरचा |
|---|---|---|
| आधीची किंमत | ११० | १६० |
| आजची किंमत | १०० | १२५ |
| प्रोसेसर | कोअर आय५-१३३५यू | कोअर आय७-१३५५यू |
| रॅम | ८ जीबी, सोल्डर केलेली | १६ जीबी, सोल्डर केलेली |
| एसएसडी | ५१२ जीबी | १ टीबी |
| स्क्रीन | ४५% एनटीएससी, २५० निट्स | १००% एसआरजीबी, ३०० निट्स |
| बॅटरी | ४२ वॅट-तास | ५६ वॅट-तास |

आधी पहिली ओळ खोडून टाका. १६० चा लॅपटॉप १२५ ला मिळतोय म्हटलं की ३५ वाचले असं वाटतं. पण तुम्ही १६० ला तो घेणारच नव्हता, मग वाचलं काय? खिशातून २५ जादा जाणार आहेत, आणि त्या २५ मध्ये नेमकं काय येतंय एवढंच बघायचं आहे. सवलत खरी असली तरी तिचा या प्रश्नाशी संबंध नाही. उद्या दोन्ही लॅपटॉप आहेत त्याच किमतीला, पण सवलतीच्या पाटीशिवाय विकायला ठेवले, तरी तुमचा निर्णय तोच यायला हवा.

आता ज्या नावावर वरचा लॅपटॉप विकला जातो ते नाव, म्हणजे आय७. या दोन प्रोसेसर चिपा शेजारी ठेवून पाहिल्या तर दोघींत १० कोअर, म्हणजे प्रत्यक्ष काम करणारे विभाग आहेत, २ वेगवान आणि ८ कमी वीज खाणारे. थ्रेड (एका वेळी चालणारी कामं) दोघींत १२, कॅश (चिपमधली छोटी वेगवान मेमरी) १२ एमबी, मूळ वीजमर्यादा १५ वॅट. मुख्य फरक दोनच ठिकाणी आहे. कमाल वेग ४.६ ऐवजी ५.० गिगाहर्ट्झ, आणि ग्राफिक्सची ८० ऐवजी ९६ एककं. वेगातला फरक कागदावर जेमतेम नऊ टक्के, आणि पातळ लॅपटॉपमध्ये उष्णता वाढली की चिप तो कमाल वेग फार वेळ टिकवू शकत नाही. ब्राउझर, तक्ते, कोड लिहिणं यांत हा फरक हाताला जाणवत नाही. केवळ आय५ चं आय७ झालं म्हणून या जोडीत मी एक पैसाही जादा देणार नाही.

प्रोसेसरच्या नावातलं शेवटचं अक्षर मात्र जरूर बघा. 'यू'चं 'एच' झालं तर ती खरी उडी आहे. आय७-१३७००एच मध्ये १४ कोअर आहेत, त्यांतले ६ वेगवान, आणि मूळ वीजमर्यादा ४५ वॅट. व्हिडिओ संपादन किंवा मोठे प्रोजेक्ट कंपाइल करणाऱ्याला (म्हणजे कोडचा चालता प्रोग्राम बनवणाऱ्याला) तिथे मिनिटं वाचताना दिसतील. इंटेलऐवजी एएमडी कंपनीची चिप असेल तर तिच्या ७००० मालिकेत तिसरा आकडा वाचायला शिका: रायझन ५ ७५२०यू मधला २ म्हणजे झेन २ ही जुनी रचना आणि ४ कोअर, तर रायझन ५ ७५३०यू मधला ३ म्हणजे झेन ३ आणि ६ कोअर. दोन्हींवर 'रायझन ५' असंच छापलेलं असतं. नावं इतकी सारखी आणि आतला माल इतका वेगळा असावा याचा मला मनापासून राग येतो, कारण दुकानात उभ्या असलेल्या माणसाला हे कळायचा काहीच मार्ग नसतो.

आता रॅम, म्हणजे चालू काम ठेवण्याची मेमरी. माझ्या मते सगळा निर्णय इथे होतो.

भाचीचा जुना लॅपटॉपही ८ जीबीचाच. तिला म्हटलं, अंदाज बांधत बसू नकोस. कामाच्या ऐन मध्यावर, काहीही बंद न करता कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप एकदम दाब, टास्क मॅनेजरमध्ये मेमरीचं पान उघड आणि फोटो पाठव. फोटोत दिसत होतं: वापरात ७.१ जीबी, उपलब्ध एकूण ७.७ पैकी. बाकीची थोडी ग्राफिक्ससाठी राखून ठेवलेली. खाली 'कमिटेड'पुढे ११.८. हा आकडा लोक बघत नाहीत, पण मला तोच हवा होता. विंडोजने सगळ्या प्रोग्रामांना मिळून तेवढी मेमरी देण्याचं कबूल केलेलं असतं. त्यातलं जे वापरात येतं ते रॅममध्ये मावत नसेल तर उरलेलं एसएसडीवरच्या, म्हणजे कायमच्या साठवणीवरच्या, पेज फाइलमध्ये जातं. रॅमचा प्रतिसाद नॅनोसेकंदांत मोजतात, एसएसडीचा मायक्रोसेकंदांत. ब्राउझरची दहा मिनिटांपूर्वीची टॅब उघडावी तर पान पांढरं पडून पुन्हा लोड होतं, वर्ग चालू असताना आवाज अडखळतो, ते याचमुळे. त्याच वेळी तिचा प्रोसेसर पंचवीस टक्क्यांच्या आत रेंगाळत होता. म्हणजे तिचं काम कुठे अडतंय ते एका फोटोत कळलं. मॅक वापरणाऱ्यांनी ॲक्टिव्हिटी मॉनिटरमधला मेमरी प्रेशरचा आलेख बघावा: हिरवा असेल तर ठीक, सतत पिवळा किंवा लाल असेल तर रॅम अपुरी आहे.

आता 'सोल्डर केलेली' हा शब्द. पातळ लॅपटॉपमधली एलपीडीडीआर प्रकारची रॅम बहुधा मदरबोर्डवरच डाग देऊन बसवलेली असते. ती नंतर वाढवता येत नाही. जे आज घ्याल त्यावरच लॅपटॉप जुना होईपर्यंत भागवायचं. मी स्वतः एकदा इथेच चुकले. ८ जीबी पुरेल, नंतर बघू, म्हणून खालचा घेतला. तीन वर्षांनी कीबोर्ड ठणठणीत, स्क्रीन स्वच्छ, बॅटरीही ठीक, पण व्हिडिओ बैठक आणि मोठा तक्ता एकत्र उघडला की सगळं थिजायचं. उघडून घेतलं तेव्हा तंत्रज्ञाने बोर्डवर बोट ठेवून काळ्या चिपा दाखवल्या आणि म्हणाला, "हे निघत नाही." बाकी सगळं धडधाकट असलेलं यंत्र केवळ त्या चिपांपायी बाजूला ठेवावं लागलं. त्याचं वाईट अजून वाटतं.

पण खालच्या लॅपटॉपमध्ये रॅमचा मोकळा स्लॉट असेल तर पारडं पूर्ण उलटतं. तेव्हा खालचा घ्या आणि ८ जीबीची दुसरी पट्टी नंतर टाका. त्याने आणखी एक फायदा होतो. बहुतेक लॅपटॉपांत दोन पट्ट्या ड्युअल चॅनेलमध्ये, म्हणजे दोन्ही वाटांनी एकदम चालतात, आणि आतलं ग्राफिक्स याच रॅमवर जगत असल्यामुळे त्यालाही बळ येतं. फक्त तीन गोष्टी विकत घेण्याआधी तपासा: स्लॉट किती आणि त्यांतले मोकळे किती, जास्तीत जास्त किती रॅम चालते, आणि मागचं झाकण उघडलं तर वॉरंटीला धक्का लागतो का. उत्पादकाच्या संकेतस्थळावर त्या मॉडेलचं सर्व्हिस मॅन्युअल असेल तर पहिल्या दोन गोष्टी तिथे सापडतात. विक्रेत्याच्या तोंडी हमीवर राहू नका. आणि 'नंतर टाकू' म्हणताना पट्टीचा आजचा भाव काढा. मेमरीचे भाव २०२५ च्या शेवटच्या महिन्यांत झपाट्याने चढले, त्यामुळे जुन्या अंदाजावर केलेला हिशेब चुकेल.

एसएसडीचा प्रश्न त्यामानाने सोपा. ती बहुतेक विंडोज लॅपटॉपांत एम.२ स्लॉटमध्ये स्क्रूने बसवलेली असते, म्हणजे पुढे बदलता येते. ५१२ जीबीची विंडोजमध्ये ४७६ दिसते आणि १ टीबीची ९३१, मोजण्याच्या पद्धतीमुळे, त्यात फसवणूक नाही. सध्याच्या लॅपटॉपवर किती जागा भरली आहे ते बघा. तीन वर्षांत दोनशेही भरली नसेल, तर दुप्पट जागेसाठी आज पैसे देण्यात अर्थ नाही. जिथे एसएसडीही बोर्डवरच असते, जसं मॅकबुकमध्ये, तिथे रॅमचाच नियम लावा: आजच पुरेशी घ्या.

स्क्रीनकडे मात्र माहितीपत्रक वाचताना लोकांचं लक्ष जात नाही, आणि रोज आठ तास डोळ्यांसमोर तीच असते. एनटीएससी आणि एसआरजीबी ही स्क्रीन किती रंग दाखवते ते मोजायची दोन मापं. ४५ टक्के एनटीएससी हा आकडा एसआरजीबीच्या साधारण ६० ते ६५ टक्क्यांच्या घरात जातो. असे दोन लॅपटॉप शेजारी ठेवून एकच फोटो उघडा: टोमॅटोचा लाल खालच्या स्क्रीनवर विटकरी दिसेल, माणसाचा चेहरा फिका पडलेला वाटेल. नुसता कोड लिहिणाऱ्याला रंगांचं एवढं नाही, पण फोटो, चित्रं, छपाईचं काम करणाऱ्याने ४५ टक्क्यांच्या वाटेला जाऊ नये. निट्स म्हणजे स्क्रीनच्या उजेडाचं माप. २५० निट्स आणि ३०० निट्स यांतला फरक खिडकीजवळ बसणाऱ्याला कळतो, तरी ३०० काही फार नाही. उंचीही बघा. १९२० बाय १०८० ऐवजी १९२० बाय १२०० असेल तर उभ्या दिशेने ११ टक्के जागा जास्त मिळते, आणि लांब मजकूर वाचणाऱ्याला ती सतत उपयोगी पडते. स्क्रीन नंतर बदलणं व्यवहारात परवडत नाही, म्हणून तिला मी रॅमच्या खालोखाल महत्त्व देते.

बॅटरीसाठी जाहिरातीतले तास सोडून वॅट-तास वाचा. प्रोसेसर आणि स्क्रीन साधारण सारखे असताना ४२ च्या जागी ५६ म्हणजे एक तृतीयांश जास्त. दिवसभर बाहेर असणाऱ्याला हे फार मोलाचं. लॅपटॉप टेबलावर चार्जर लावूनच राहणार असेल तर त्याला फारशी किंमत देऊ नका, कारण बॅटरी झिजल्यावर ती बदलता येते.

वेगळं ग्राफिक्स कार्ड हा वरच्याचा मुख्य मुद्दा असेल, तर नावापेक्षा वॅट विचारा. आरटीएक्स ४०५० आणि ४०६० या दोन्ही लॅपटॉप चिपा ३५ ते ११५ वॅट इतक्या रुंद पट्ट्यात विकल्या जातात. कमी वॅटची ४०६० जास्त वॅटच्या ४०५० पुढे फिकी पडू शकते, मग जादा पैशांत ६ ऐवजी ८ जीबी ग्राफिक्स मेमरी तेवढी पदरात पडते. एआयच्या नावाने जादा पैसे मागत असतील तर तुम्ही वापरता त्या प्रोग्रामांपैकी एनपीयू (एआयच्या कामांसाठीचा चिपमधला वेगळा भाग) खरंच कोण वापरतं ते शोधा. एकही सापडला नाही तर त्याचे पैसे देऊ नका.

आणि सवलत का लागली तेही विचारा. बऱ्याचदा नवी पिढी येते म्हणून जुना साठा निघतो, त्यात वाईट काही नाही. पण फार जुना माल असेल तर सावध राहा. विंडोज १० चा नियमित आधार १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला, आणि विंडोज ११ ला इंटेलची किमान आठवी पिढी आणि टीपीएम २.० (सुरक्षेसाठीची चिप) लागतं. त्याआधीचं यंत्र कितीही स्वस्तात मिळालं तरी घेऊ नये.

मग २५ चं काय? १०० चा लॅपटॉप चार वर्षं चालला तर वर्षाला २५ पडले. १२५ च्या लॅपटॉपने तेवढंच पडायचं असेल तर त्याने पाच वर्षं काढायला हवीत. भाचीच्या ११.८ कडे बघता ८ जीबीचा लॅपटॉप आजच अपुरा होता, चार वर्षं तर दूरच. १६ जीबीने पाच वर्षं निघणं शक्य आहे. म्हणजे या दोघांतच निवडायचं असतं तर मी वरच्याला हो म्हटलं असतं, आणि ते आय७ साठी नव्हे. हेच तिच्या आजोबांसाठी असतं, ज्यांना बातम्या, पत्रव्यवहार आणि व्हिडिओ कॉल एवढंच लागतं, तर खालचा घ्या म्हटलं असतं आणि उरलेल्या २५ ला हात लावला नसता.

तिला हे सगळं सांगितल्यावर म्हटलं, आता त्याच मॉडेलच्या सगळ्या आवृत्त्या काढ, सवलत नसलेल्याही. अर्ध्या तासाने तिचा निरोप आला. मध्ये एक तिसरी होती: प्रोसेसर आणि एसएसडी खालच्याची, रॅम, स्क्रीन आणि बॅटरी वरच्याची. किंमत ११४. तिच्यावर कसलीही सवलत नव्हती, म्हणून ती यादीत सतरावी की अठरावी होती. उरलेले ११ फक्त आय७ आणि अर्ध्या टीबीचे होते. तिने ती मधली मागवली. परतीच्या मुदतीत लगेच टास्क मॅनेजर उघडून रॅम १६ जीबीच दिसतेय ना ते बघ, एवढं मात्र मी तिला बजावलं.