बार्बरचं बीडेल घ्यावं की बोफर्ट?

इंग्लंडमधल्या साउथ शील्ड्सच्या बार्बर कंपनीची (स्थापना १८९४) मेण लावलेल्या सुती कापडाची ही दोन्ही जॅकेटं मार्गारेट बार्बर यांनीच घडवली. बीडेल १९८० चं, घोडेस्वारांसाठी. म्हणून ते आखूड आणि मागे दोन्ही बाजूंना चिरा, खोगिरावर बसलं तरी कापड गोळा होत नाही. बाहीच्या आत विणलेला कफ. वाऱ्याला वावच नाही. बोफर्ट १९८३ चं, शिकाऱ्यांसाठी: लांब, पाठीमागे कमरेशी आडवा मोठा खिसा, मारलेले पक्षी ठेवायला. कॉर्डरॉयची कॉलर दोन्हींना. मशीनमध्ये मात्र कोणतंही टाकू नका, मेण निघून जातं. कोटावर घालायचं तर बोफर्टच, बीडेलखालून कोट डोकावतो. पण नुसत्या स्वेटरवर बीडेलच शोभतं, माझा कौल त्यालाच.