सोलर पंपाचा हिस्सा म्हणून ५७,१५० रुपये गेले, तुमचे जाऊ देऊ नका

तीन आठवडे झाले, कुणाला सांगायचीच लाज वाटत होती. पण काल आमच्याच भावकीतल्या एकाला तसाच फोन आला म्हणून लिहितोय.

गाव संगमनेर तालुक्यातलं, जमीन चार एकर, अण्णांच्या नावावर. मी चाकणला कंपनीत. विहिरीवरच्या कनेक्शनचं कोटेशन आम्ही २०२१ लाच भरलंय, तेव्हापासून पेड पेंडिंग, म्हणजे पैसे भरलेत पण कनेक्शन नाही. चुलत्याच्या मोटारीवर पाळीनं पाणी घेतो, थ्री फेज लाईट एक आठवडा दिवसा एक आठवडा रात्री, आणि दिवसाची पाळी चुलता सोडत नाही, त्याचंही बरोबरच आहे, त्याची मोटार आहे. म्हणजे अण्णा ६४ वर्षांचे, रात्री दोनला बॅटरी घेऊन दारं मोडायला, म्हणजे पाटाचं पाणी वाफ्यांत वळवायला जाणार, तेही जिथं बिबट्या अंगणातनं कुत्रं उचलून नेतो तिथं. आता सांगतात पेड पेंडिंगवाल्यांनी सोलरच घ्यायचा. ठीक आहे, घेतो. मागेल त्याला सौर कृषी पंप, १० टक्के आपला हिस्सा, बाकी सरकारचा, ऑक्टोबर २०२४ मध्ये खऱ्या साईटवर फॉर्म भरला, पाच एचपी. मग वाट बघणं सुरू.

जानेवारीत फोन. अण्णांचं पूर्ण नाव, गट नंबर, पाच एचपी, सगळं त्याला माहीत. मी एकही गोष्ट सांगितली नाही, त्यानंच मला वाचून दाखवली. मग कुणाचा विश्वास बसणार नाही? ही माहिती त्याच्याकडं गेलीच कशी, याचं उत्तर मला आजपर्यंत कुणी दिलेलं नाही.

व्हॉट्सअपवर राजमुद्रेचं मंजुरीपत्र आलं. पहिले ५,६०० नोंदणीचे, मग २७,३०० हिस्सा. पत्रात तालुक्याचं नाव 'संगमनेंर' असं लिहिलेलं, तेही मी टायपिंगची चूक म्हणून सोडून दिलं.

पण खरी थांबायची जागा दुसरीच. २७,३०० टाकताना क्यूआर स्कॅन केला तर वर नाव आलं एका बाईचं, नाव आणि आडनाव, बस. कंपनी नाही, विभाग नाही, शासन नाही. मी थांबलो. खरंच थांबलो, अंगठा स्क्रीनच्या वर होता. त्याला विचारलं हे कुणाचं नाव, तो म्हणाला मॅडम आमच्या अकाउंटला आहेत, नोडल खातं त्यांच्या नावानं आहे, आणि सर आज पाचपर्यंत भरला नाही तर तुमचा कोटा पुढच्या शेतकऱ्याला जातो. पाच वाजायला वीस मिनिटं. चार वर्षं थांबलेला माणूस 'नंबर पुढच्याला जातो' ऐकून काय करेल? पिन टाकला. तेवढे पाच सेकंद रोज रात्री आठवतात.

हिस्सा कुणाच्याही फोन-पेवर जात नाही हो! सरकारी पोर्टलवरच अर्ज क्रमांक टाकून भरायचा, पावती तिथंच मिळते, आणि पंपाची कंपनी नंतर तिथंच आपण स्वतः निवडायची. 'कंपनी अलॉट झाली' म्हणाला की फोन ठेवा.

त्यानंतर १४,५०० ट्रान्सपोर्ट आणि विम्याचे. योजनेत पाच वर्षांची दुरुस्ती आणि विमा धरलेलाच असतो, हे मला नंतर कळलं. टेम्पोत भरलेल्या पॅनेलचा फोटो पाठवला, तो बघून अण्णांनी मजूर लावून विहिरीजवळ स्ट्रक्चरचे खड्डेसुद्धा घेतले. शेवटी ९,७५० 'परत मिळणारी अनामत'. ते टाकले आणि नंबर बंद. सगळे पैसे कांद्याच्या पट्टीचे, म्हणजे कांदा विकून आलेले होते.

मी अडाणी नाही. ओटीपी दिला नाही, कुठलं ॲप टाकलं नाही. आणि बँकेनं नेमकं हेच माझ्यावर उलटवलं, म्हणे पिन तुम्हीच टाकलाय, आमची जबाबदारी नाही. १९३० ला, म्हणजे सायबर फसवणुकीच्या हेल्पलाईनला लावला तर अर्धा तास बिझी, लागला तेव्हा तक्रार घेतली, नंबर दिला. (लगेच लावा, घरच्यांना विचारत बसू नका, मी लाजेनं एक रात्र घालवली आणि तेवढ्यात पैसे तीन खाती फिरले.) पोलीस स्टेशनला गेलो तर जिल्ह्याच्या सायबरला जा, तिथं म्हणाले आधी स्टेशनचा अर्ज आणा, चार दिवसांच्या सुट्ट्या गेल्या, पगार कापला. एकानं तर तोंडावर विचारलं, एवढं शिकून कसे फसता? वीज ऑफिसात गेलो, ते म्हणे आमचा संबंध नाही. अहो, संबंध कसा नाही? माझा खरा अर्ज मंजूर आहे की नाही, नंबर कधी येणार, हे तुमच्या टेबलावर कुणी सरळ सांगत नाही म्हणून तर लोक येईल तो फोन खरा मानतात. एप्रिल २०२४ पासून साडेसात एचपीपर्यंत बिल माफ, चांगलं केलं, पण ज्याला कनेक्शनच नाही त्याला काय माफ? तो पैसे भरून ताटकळत बसलाय, आणि हे चोर नेमके अशांनाच गाठतात. वाट बघायला लावली नसती तर त्याच्या 'पाचपर्यंत'ला मी भीक घातली नसती.

गुगलवर योजनेचं नाव टाकून वर येईल ती लिंक उघडू नका, कुसुमच्या (केंद्राची सोलर पंपाची योजना) नावानं खोट्या साईट कितीतरी वर्षं चालू आहेत. घरात म्हातारी माणसं फोन घेत असतील तर त्यांना आजच सांगा.

५७,१५० पैकी ३,२१२ रुपये एका खात्यात होल्ड झालेत. ते सोडवायला कोर्टाची ऑर्डर लागेल असं मला सांगितलंय, वकील अर्जाचे २,५०० मागतोय. कुणी अशी रक्कम सोडवून घेतली असेल तर कुठली कागदं लागली आणि वकिलाशिवाय अर्ज चालतो का, तेवढं सांगा.